तिरसटपणा, एक ते पाच

बेकरीतले सगळे त्यांना तोंडावर मामा म्हणत आणि पाठीमागे चटकामामा. भट्टीच्या लोखंडी दाराला हात लागला तर चटका बसतो, पण मामांच्या तोंडी लागलं तर त्याहून मोठा बसतो, असा तिथल्या लोकांचा अनुभव होता. हे नाव मामींनीच ठेवलं असं पीठ मळणारा म्हणायचा. मामी ते कबूलही करायच्या नाहीत आणि नाकारायच्याही नाहीत.

मामी म्हणजे मामांची बायको. त्याच बेकरीत, भट्टीपासून आठ पावलांवर, निवडीच्या टेबलाशी उभ्या राहून त्या पाव तपासायच्या आणि पाकिटांत भरायच्या. म्हणजे घरी मामा, कामावरही मामा. रुसून निघून जायचं म्हटलं तरी जागा आठ पावलांचीच. तीस वर्षं हा संसार असा चालला होता. तेवढ्या वर्षांत मामांनी मामींना "तुला काही कळतं का?" असं हजारो वेळा विचारलं असेल, पण उत्तर ऐकायला ते एकदाही थांबले नव्हते.

पाव मात्र असा भाजायचे की बोलायची सोय नाही. विटांची जुनी भट्टी, तिला घड्याळ नाही, काटा नाही. मामा लांब दांड्याच्या फळीने पाव आत सरकवत, दार लावत आणि बाजूच्या खांबाला पाठ टेकून, हाताची घडी घालून, डाव्या पायावर उभे राहत. उजवा पाय नुसता टेकवल्यासारखा. त्या वेळात कोणी हाक मारली तर मारणाऱ्याचं नशीब. मग अचानक दार उघडून सगळे पाव बाहेर. ते फळ्यांवर निवत असताना त्यांची वरची साल तडतडायची, आणि तो आवाज मामींच्या टेबलापर्यंत ऐकू यायचा. मामांच्या तोंडून घरात कधी गोड शब्द निघाला नाही, पण त्यांचे पाव निदान काहीतरी बोलतात, असं मामी म्हणायच्या.

उजव्या पायाचं कारण असं, की त्या तळव्याला कुरूप होतं. अगदी मध्यभागी, टणक, वाटाण्याएवढं. पाऊल पूर्ण टेकलं की कळ थेट डोक्यात जायची आणि तिथून तोंडावाटे बाहेर पडायची. "काढून टाका हो एकदाचं," असं मामी वर्षानुवर्षं सांगत होत्या. "माझं कुरूप मी बघून घेईन," हे मामांचं ठरलेलं उत्तर. पायाचा तळवा स्वतःला नीट बघता येत नाही हे त्यांना कोण सांगणार?

तर असं सगळं छान बिनसलेलं असताना त्या मोठ्या हॉटेलचा कागद आला.

हॉटेल बेकरीकडून रोज दोन टोपल्या कडक पाव घ्यायचं. आता त्यांनी कळवलं की यापुढे रोज पहिल्या घाण्याची तपासणी करून सोबतचा तक्ता भरून पाठवावा. तक्ता इंग्रजीत होता. मालकांनी तो कारकुनाकडे दिला, आणि कारकुनाने कपाटावरचा शब्दकोश खाली काढला. हा कारकून कामाला चोख माणूस. दिसेल ते उतरवायचा, मनाचं काही घालायचा नाही. रंग, वास, आवाज, आतला मऊपणा इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. पुढे शब्द आला 'क्रस्टी'. शब्दकोशात त्याचे दोन अर्थ होते. पैकी पहिला कसरीने खाल्ला होता. दुसरा शाबूत होता: तिरसट, तुसडा. कारकुनाने स्वच्छ अक्षरात रकान्यावर लिहिलं, 'तिरसटपणा, १ ते ५', आणि शेवटी 'शेरा'.

तक्ता मामींच्या टेबलावर आला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला.

"हा तिरसटपणा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"पाव भाजणाऱ्याचा असणार," कारकून म्हणाला. "पाव काय तिरसट असतो? मोठी हॉटेलं आहेत मामी, त्यांना सगळी माहिती लागते. माणूस कसा आहे, स्वच्छ आहे का, बोलतो कसा..."

मामींना ते एकदम पटलं. उलट त्यांना त्या हॉटेलबद्दल आदरच वाटायला लागला. तीस वर्षांत नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, खुद्द त्यांच्या आईनेही हा प्रश्न कधी विचारला नव्हता, आणि इथे परक्या माणसांनी त्यासाठी छापील रकाना ठेवला होता. त्यांनी पेन घेतलं आणि भट्टीकडे पाहिलं. मामा खांबाला टेकून छपराकडे बघत काहीतरी पुटपुटत होते. मामींनी लिहिलं, पाच.

त्यानंतर त्या रोज इमानेइतबारे तक्ता भरू लागल्या. सूड म्हणून नव्हे हं. ज्या दिवशी मामा जरा बरे असत त्या दिवशी त्या चार लिहीत, एकदा तर साडेतीनही दिले होते. शेऱ्याचा रकाना त्या मनापासून भरत. 'सकाळी चहा गार आहे म्हणाले, चहातून वाफ येत होती.' 'पीठ मळणारा शिंकला, त्याबद्दल बोलले.' 'तुला काही कळतं का, दोनदा.' एक प्रत हॉटेलला जायची, एक त्यांच्या खणात राहायची. मामांना हे कळलं तेव्हा ते कडाडले, "हॉटेलवाल्यांना माझ्या स्वभावाशी काय करायचंय?" त्या दिवशीचे पाचही तिथेच पक्के झाले.

हॉटेलकडून उत्तर आलं की आपले आकडे अतिशय समाधानकारक आहेत, असेच राहू द्यावेत. मामींनी ते पत्र वाचून डोक्याला हात लावला. जगात कोणाला काय आवडेल सांगता येत नाही!

मग एके दिवशी कुरूप इतकं ठणकलं की मामांना बूटच चढेना. मामींनी संधी साधली. रिक्षा बोलावली, मामांना आत ढकललं आणि डॉक्टरकडे नेलं. दहा मिनिटांचं काम. डॉक्टरांनी पायाला पट्टी बांधली, दोन दिवस चालायचं नाही, बसून काय करायचं ते करा म्हणाले. मामा दुसऱ्या दिवशी भट्टीसमोर स्टूल टाकून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पट्टी दाखवत हसले. हसले! पीठ मळणाऱ्याच्या हातातून पिठाचा गोळा पडला.

पट्टी निघाली आणि माणूसच बदलला. मामा दोन्ही पायांवर उभे राहायला लागले, चालायला लागले, उगाच इकडून तिकडे फेऱ्या मारायला लागले. रात्री जेवताना म्हणाले, "भाजी छान झाली आहे." मामींनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मामींची जड पिशवी घेतली. तिसऱ्या दिवशी, बेकरीतून घरी येताना, "दमलीस का गं?" असं विचारलं. मामी रस्त्यातच थांबल्या. हा प्रश्न त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षी हवा होता, आणि तीस वर्षं उशिरा का होईना, तो आला होता. त्या रात्री त्या उशीत तोंड घालून थोडं रडल्या, पण आनंदाने. तक्त्यात त्यांनी लिहिलं, तिरसटपणा एक. शेरा: देव पावला.

देव पावला, पण पाव बिघडला.

साल मऊ पडायला लागली. रंग फिका. फळ्यांवर तडतड नाही, काही नाही. मुकाट निवायचे. आवाजाच्या रकान्यात मामी दोन लिहायला लागल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात हॉटेलचं पत्र आलं. कारकुनाने त्याचं भाषांतर करून सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

"'आपण स्वतःच प्रामाणिकपणे नोंदवल्याप्रमाणे आपला तिरसटपणा पाचावरून एकवर आला आहे. आमच्या पाहुण्यांची याबद्दल तक्रार आहे. सुपाबरोबर त्यांना तिरसटपणा लागतो. येत्या मंगळवारी आमच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख बाई येऊन आपला तिरसटपणा प्रत्यक्ष तपासतील.'"

मग मालकांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर विजेच्या भट्टीचं चित्र होतं. चकचकीत, काचेच्या दाराची, आपोआप बंद होणारी.

"मंगळवारी पास झालो तर ठीक," मालक म्हणाले. "नाही तर विटांची भट्टी फोडायची आणि ही बसवायची. हिला माणूस लागत नाही. मामा, तुम्ही घरी आराम करा. खूप केलंत."

"चालेल," मामा हसून म्हणाले. "होईल सगळं नीट."

मामी त्या हसण्याकडे बघत राहिल्या. हा माणूस सतराव्या वर्षी त्या भट्टीसमोर उभा राहिला होता. तिच्या विटा त्याने दोनदा स्वतः बसवल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत त्याला करमायचं नाही, आणि तो जन्मभराची सुट्टी हसत घेत होता, कारण पाय दुखत नव्हता. विटा फुटताना बघेल तेव्हा त्याला कळेल, आणि मग कळून उपयोग नसेल.

बेकरीत खलबत झालं. निष्कर्ष एकच निघाला: मंगळवारच्या आत मामांना चिडवायचं. सोपं काम, असं सगळ्यांना वाटलं. पीठ मळणाऱ्याने त्यांचा चहाचा पेला लपवला, मामा दुसऱ्या पेल्यात प्यायले. कारकुनाने जिवावर उदार होऊन त्यांना तोंडावर 'चटकामामा' म्हटलं. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "कोणी ठेवलं रे हे? झकास आहे!" म्हणाले. पीठ मळणाऱ्याने मामींकडे पाहिलं, मामींनी छताकडे.

शेवटी मामींनी घरी आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. तीस वर्षांत या वाक्याने एकदाही घर पेटल्याशिवाय राहिलं नव्हतं.

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

मामांनी पेपर खाली ठेवला. "सांगितलं होतंस," ते म्हणाले. "तुझंच बरोबर होतं. मीच ऐकलं नाही."

मामी मटकन खाली बसल्या. हे ऐकायला त्यांचे कान किती वर्षं आसुसले होते, आणि ते यावं नेमकं असं, नको त्या मुहूर्तावर!

सोमवारी सकाळी त्यांनी खणातल्या प्रती काढून टेबलावर मांडल्या. चिडके दिवस, आवाज पाच. गोड दिवस, आवाज दोन. सगळं जुळत होतं. एकच दिवस जुळत नव्हता: पायाला पट्टी बांधून मामा स्टुलावर बसले होते तो. तिरसटपणा एक, आवाज मात्र पाच. मामी त्या कागदावर बोट ठेवून भट्टीकडे बघत राहिल्या. मामा गुणगुणत आले, दार उघडून आत डोकावले, दार लावलं. पीठ मळणाऱ्याशी दोन गोष्टी केल्या, परत आले, दार उघडलं. खिडकीपर्यंत फेरी मारली, परत उघडलं. दर वेळी आतली धग भपकन बाहेर येत होती.

पूर्वी एकेक पाऊल म्हणजे कळ. त्यामुळे मामा पाव घातला की हलायचेच नाहीत. दार एकदा लागलं की एकदाच उघडायचं. स्वभाव आणि साल, दोन्ही त्या एका कुरुपावर चालले होते.

मामींनी आधी सरळ मार्ग धरला. "अहो, दार सारखं उघडू नका, धग जाते." "बरं," मामा म्हणाले, आणि चार मिनिटांनी दार उघडलं. "अहो!" "अरे हो," म्हणून त्यांनी जीभ चावली, आणि पुढच्या फेरीला पुन्हा उघडलं. इतकी वर्षं लक्षात ठेवायचं काम पायाकडे होतं. डोक्याला ती सवयच नव्हती.

मंगळवारी पहाटे मामा तोंड धूत असताना मामींनी स्वयंपाकघरातल्या डब्यातून एक वाळलेला वाटाणा घेतला. टणक बघून घेतला. मामांच्या उजव्या बुटातला पातळ तळ उचलला, नेमकी जुनी जागा बोटाने चाचपली आणि वाटाणा तिथे ठेवला. मग त्या तो बूट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. तीन आठवडे तो गोड माणूस आपल्या वाट्याला आला, एवढंच आपलं नशीब, असं त्यांना वाटलं. पण विटा फुटलेल्या बघणारा गोड माणूस त्यांना नको होता. त्यांनी बूट खाली ठेवला.

मामांनी बूट घातला आणि एक पाऊल टाकलं. ते थांबले. चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं. ते खाली वाकले, हात लेसपर्यंत गेला, आणि का कोण जाणे, परत वर आला.

बेकरीत शिरताच ते गरजले, "माझा पेला कोणी हलवला?"

पीठ मळणाऱ्याने आनंदाने मामींकडे पाहिलं. कारकून नुसता "शुभ सकाळ" म्हणाला आणि त्याचा असा खरपूस समाचार घेतला गेला की तो हसत हसत टेबलाखाली पेन शोधायला गेला. मामांनी पाव आत सरकवले, दार लावलं आणि खांबाला पाठ टेकून डाव्या पायावर उभे राहिले. हलले नाहीत.

हॉटेलच्या बाई आल्या तेव्हा पाव नुकतेच फळीवर आले होते आणि सगळीकडून तडतड चालली होती. बाईंनी एक उचलला, कानाशी धरला, अंगठ्याने दाबला. कर्रकन आवाज झाला.

"हाच!" त्या म्हणाल्या. "हाच क्रस्टी पाव. मध्ये काय झालं होतं हो? हे तक्ते कोण भरतं?"

"मी," मामी पुढे होऊन म्हणाल्या, आणि त्यांनी खणातला गठ्ठा ठेवला. हॉटेलात फक्त आकडे उतरवून घेत असत. शेरे बाईंनी कधी वाचले नव्हते. त्यांनी आता पहिला वाचला, दुसरा वाचला, मग स्टूल ओढून बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"अहो मामी, क्रस्टी म्हणजे पावाची साल! कडक, कुरकुरीत. आपल्या भाषेत खरपूस!"

सगळ्यांनी कारकुनाकडे पाहिलं. "मी आहे तेच उतरवलं," तो म्हणाला. "उरलेलं कसरीला विचारा."

"खरपूस भाजणं वेगळं आणि खरपूस समाचार वेगळा," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

"तुमच्याकडे असेल," मामी म्हणाल्या. "आमच्याकडे दोन्ही एकाच ठिकाणी होतं."

मालकांनी विजेच्या भट्टीचं चित्र घडी करून खिशात घातलं, आणि दुपारी ते बरण्यांच्या खाली कागद म्हणून अंथरलेलं दिसलं.

संध्याकाळी मामा घराच्या पायरीवर बसून बूट काढत होते. मामी दारात उभ्या होत्या. मामांनी उजवा बूट उलटा करून झटकला. वाटाणा पायरीवर पडला, टणटण करत एक पायरी उतरला आणि थांबला. मामांनी तो उचलून उजेडात धरला.

"हा कोणाचा?"

"माझा," मामी म्हणाल्या. "भट्टी फोडतील म्हणून केलं. मला तुम्ही गोडच हवे होतात, पण भट्टीसकट हवे होतात. काढून का नाही टाकलात? सकाळी वाकला होतात ना?"

"वाकलो होतो. म्हटलं, वाटाणा आपणहून बुटाच्या तळाखाली शिरत नाही. कोणीतरी विचार करून ठेवलाय." मामांनी तळवा चोळला. "पाव आत होते तेव्हा कळलं कोणी आणि का. पण तुला काही कळतं का?"

मामींनी मान खाली घातली. पुढचं त्यांना पाठ होतं.

"डाव्या पायात घालायचा होता," मामा म्हणाले. "उजव्याचं कातडं अजून कोवळं आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे मामींना जाग आली तेव्हा मामा पायरीवर बसून डाव्या बुटाचा तळ उचलत होते. वाटाणा त्यांनी स्वतः बसवला, लेस बांधली, उभं राहून एक पाऊल टाकलं आणि घराकडे वळून ओरडले, "माझा रुमाल कुठाय? या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!"

मामींनी रुमाल आणून दिला. वाटेत मामांनी त्यांच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि बेकरीपर्यंत लंगडत, कुरकुरत नेली. तक्ता नवा होता, कारकुनाने रकान्यावर 'खरपूसपणा' असं लिहिलं होतं. मामींनी ते खोडून वर जुना शब्द लिहिला, भट्टीकडे एकदा पाहिलं आणि भरलं. तिरसटपणा: पाच. शेरा: स्वखुशीने.